घरात कागद वाचणारी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार. रुपये चार हजार सातशे पन्नास. एवढे पैसे रुचिताने मिरा रोडच्या एका मार्गदर्शकाला दिले आणि त्याच्याकडून सहाशे शब्दांचा एक इंग्रजी निबंध घेतला. दुसऱ्या दिवशी तिने मला हे सांगितलं तेव्हा मी आधी पावतीबद्दल विचारलं. पावती नव्हती. निबंध मी त्यानंतर वाचला.

भाईंदर पश्चिमेला बाजाराच्या टोकाला, पहिल्या मजल्यावर आमची अभ्यासिका आहे. दोन खोल्या, बत्तीस खुर्च्या, एक पाण्याचा फिल्टर. मी तिथला मानद खजिनदार. आठवडाभर नोकरी आणि रविवारी सकाळी नऊ ते एक अभ्यासिका, असा माझा क्रम आहे. पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होईन. बायको, नीलिमा, दोन वर्षांपासून मुलीकडे बंगळुरूला आहे. नातू लहान आहे, त्यामुळे तिचं येणं होत नाही. मिरा रोडच्या पूनम सागर संकुलातल्या घरात रविवारी काही काम नसतं, म्हणून एकऐवजी दोनला निघालो तरी चालतं.

रुचिता जवळच्याच मोरवा गावची. बाप लवू खाडीतल्या आणि बाहेरच्या बोटींवर जातो, आठ-दहा दिवस घरी नसतो. आई हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीत एका युनिटात डब्यांना झाकणं लावते. दिवाळीच्या सुट्टीत रुचितानेही तिच्याबरोबर झाकणं लावली होती, ते हे पैसे. तिची आजी इंदुबाई आमच्याच जिन्याखाली सुकी मासळी घेऊन बसते. मी तिच्याकडून महिन्याला जवळा घेतो. घरात बारावीपर्यंत पोचलेली रुचिता पहिली. बाप चौथी, आई दुसरी, आजी शाळेत गेलेलीच नाही.

पुण्यापलीकडे एक निवासी विद्यापीठ आहे. मार्कांबरोबर ते एक लेख मागतात आणि तो आवडला, पुढे मुलाखत चांगली झाली, तर तीन वर्षांची फी, राहणं, जेवण सगळं माफ. रुचिताला तिथे जायचं होतं. माफी नसेल तर जाणं नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. लेखाचा विषय असा: तुम्ही घेतलेल्या एका निर्णयाबद्दल लिहा, ज्याचा परिणाम तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणावर झाला. इंग्रजी, हिंदी किंवा मातृभाषेत.

मातृभाषेत लिहिलं तरी चालेल, या ओळीवर आमच्यापैकी कोणाचाच विश्वास बसला नाही.

विकतचा निबंध भारी होता. लहानपणापासून अथांग सागराने मला झेप घ्यायला शिकवलं, लाटांशी झुंजत मी शिक्षणाचा निर्णय घेतला आणि माझ्या समाजाला प्रकाश दाखवला, असा त्याचा आशय. मला तो आवडला. शेवटी दहावीची टक्केवारी आणि दोन प्रमाणपत्रांचा उल्लेख जोडावा, अशी सूचनाही मी केली. आमच्या काळी अर्ज असेच करत.

"आता खाली चला काका," रुचिता म्हणाली. "आजीला वाचून दाखवायचाय."

"तिला कशाला?"

"घरातून कागद बाहेर जायचा असला की आधी आजीसमोर वाचायचा. आत आला तरी वाचायचा. आमच्याकडे नियमच आहे."

आम्ही खाली गेलो. इंदुबाई एका गिऱ्हाइकाला बोंबील मोजून देत होती. रुचिताने उकिडवं बसून एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. इंदुबाईचे हात थांबले नाहीत. शेवटी तिने नातीकडे पाहिलं.

"ह्यो कोनाचा वाटा हाय गो?"

"माझा. माझ्याबद्दल आहे ना."

"तू कवा गेलीस दर्यात? आपल्या घरातली बाई बोटीत पाय तरी ठेवते का? वर चार पापलेटा मांडल्यान, न् खाली समदा कचरा. गिऱ्हाईक हात घालून बगल तवा?"

गिऱ्हाईक हसलं. रुचिताही हसली. मी मात्र म्हणालो, "इंदुबाई, असंच लिहावं लागतं. कॉलेजवाल्यांना असं आवडतं."

"तुमी जवला घेताना खालचा उपसून बगता, भाऊ," इंदुबाई म्हणाली. "त्ये न्हाय बगनार?"

निबंध तसाच पाठवला. १४ डिसेंबरला उत्तर आलं. निवड नाही. पण खाली एक ओळ होती, जी बहुधा सगळ्यांना जात नसावी: लेखात अर्जदार दिसत नाही, दुसऱ्या फेरीसाठी पंचवीस जानेवारीपर्यंत नवा लेख पाठवता येईल.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रुचिता माझ्या टेबलासमोर वही घेऊन बसली. मी कोरा कागद काढून उभी रेघ मारली. डावीकडे निर्णय, उजवीकडे परिणाम.

"सांग. आतापर्यंत घेतलेले निर्णय."

"काका, आमच्याकडे निर्णय आजी घेते. पप्पा घरी असले तर पप्पा. मी कुठले घेणार?"

"विज्ञान शाखा?"

"बाईंनी सांगितलं म्हणून घेतली."

"बरं, मग घरात तू करतेस काय?"

"वाचते."

"अभ्यास?"

"नाही हो. कागद. लाइट बिल, रेशनची चिठ्ठी, आजीच्या गोळ्यांवरचं, पप्पांच्या मच्छीमार सोसायटीची नोटीस. तिसरीत होते तेव्हापासून. शेजारची जानूमावशी पण तिचे कागद माझ्याकडेच आणते. एकदा तर लग्नाची पत्रिका वाचायला रात्री उठवलं होतं मला." ती हे मजेने सांगत होती. "इंग्रजी असलं की वाचायचं आणि लगेच मराठीत सांगायचं. आता तर मला कळतही नाही मी कुठली भाषा वाचतेय."

मीही मजेतच म्हणालो, "म्हणजे घरात जे काही येतं ते तुझ्या तोंडून येतं. मनात आणलंस तर हवं ते वाचशील. कोण पकडणार तुला?"

रुचिताने वही मिटली. म्हणाली, "आज जाते काका."

पुढचे तीन रविवार ती आली नाही. फिल्टरजवळची तिची खुर्ची रिकामी होती. खाली इंदुबाईला विचारलं तर म्हणाली, "लिवतेय म्हने. घरात कोनाशी बोलाया तयार न्हाय. जेवते त्येबी भिंतीकडं बगून." माझं काय चुकलं ते मला कळेना. मी बोललेलं वाक्य मी दोन-तीनदा आठवून पाहिलं.

१२ जानेवारीला ती आली आणि माझ्यासमोर चार पानं ठेवून उभी राहिली. मराठीत, हाताने लिहिलेली. पहिलं वाक्य असं होतं: मी अकरा वर्षांची असताना घरी आलेलं एक पत्र मुद्दाम चुकीचं वाचलं.

ते पत्र तिच्या आत्याचं होतं. आत्या, मिनल, वेल्डिंग करणाऱ्या एका मुलाशी लग्न करून वलसाडला निघून गेली होती. लवूने बहिणीशी संबंध तोडले, फोनवर तिचा नंबर बंद केला. म्हणून तिने आईच्या नावाने पोस्टाने पत्र पाठवलं. इंदुबाईने ते नातीच्या हातात दिलं. पुढचं मी रुचिताच्याच शब्दांत देतो.

"आत्याने लिहिलं होतं, आई, मला सातवा महिना लागलाय. इथे माझं कोणी नाही. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, म्हणून विचारते, मी येऊ का? तू हो म्हणालीस तर या शेजारच्या नंबरवर कळव. नाही कळवलंस तर मी समजून जाईन. हे मी मनात वाचलं. आत्याच्या खोलीत तेव्हा मी राहत होते. तिथे एक टेबल होतं आणि एक बल्ब. आमच्या घरात दुसरीकडे कुठे टेबल नव्हतं. आत्या आली असती तर मला ते टेबल सोडावं लागलं असतं. मला ते सोडायचं नव्हतं. मी मोठ्याने वाचलं, आई, मी मजेत आहे, माझी काळजी करू नकोस. आजी म्हणाली, एवढ्या मोठ्या कागदावर एवढंच? मी म्हणाले, अक्षर मोठं आहे."

पुढे तिने लिहिलं होतं की त्या टेबलावर बसून तिने दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के मिळवले. आजी सात वर्षं म्हणते आहे की लेक मजेत आहे आणि आईला विसरली. ते पत्र रुचिताकडे आहे. आत्याला मुलगा झाला की मुलगी, घरात कोणालाच माहीत नाही.

मी चारही पानं वाचली. ऑफिसात कागद वाचून झाला की मी खाली सही करतो. त्यामुळे पेन हातात आलं होतं. ते खाली ठेवलं.

"चांगलं आहे," मी म्हणालो.

"आता आजीला वाचून दाखवायचंय."

"रुचिता, हे नको दाखवूस." मी समजुतीच्या सुरात बोललो. "थेट पाठवून दे. तिला दुसरंच काहीतरी, दाखलेबिखले, वाचून दाखव आणि म्हण की हाच लेख. तिला काय कळणार आहे?"

"तेच तर केलं होतं ना काका."

मी पानं एकावर एक रचून तिच्यापुढे सरकवली.

"तुम्ही पुढच्या रविवारी घरी या," ती म्हणाली. "मी याची झेरॉक्स देते. मी वाचताना तुम्ही तुमच्या कागदावर बघत बसायचं. मी गाळलं किंवा बदललं तर सांगायचं. मला माझा भरवसा नाही."

१९ जानेवारीला दुपारी मी मोरव्याला गेलो. अंगणात जाळ्यांचा ढीग होता, लवू बोटीवर गेला होता. इंदुबाई ओटीवर सुपात जवळा घेऊन खडे निवडत बसली होती. आतून रुचिताच्या आईच्या भांडी घासण्याचा आवाज येत होता. माझ्यासाठी खुर्ची आणली गेली. मी झेरॉक्स मांडीवर घेतली, खिशातून पेन्सिल काढली.

"भाऊ कनाला आलंत?" इंदुबाईने विचारलं.

"तपासायला," रुचिता म्हणाली आणि वाचायला लागली.

ती स्पष्ट वाचत होती. मी प्रत्येक वाक्याला पेन्सिलने बारीक खूण करत गेलो. जमाखर्च पडताळताना करतो तशी. पहिल्या वाक्याला इंदुबाईने वर पाहिलं. वलसाडचं नाव आलं तेव्हा तिचे हात थांबले. आत्याचं पत्र रुचिताने जसंच्या तसं वाचलं. येऊ का, हेही वाचलं. आत भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

"आमच्या घरात दुसरीकडे कुठे टेबल नव्हतं," रुचिता वाचत होती. "मी मोठ्याने वाचलं, आई, मी मजेत आहे..."

माझी पेन्सिल थांबली. मधली दोन वाक्यं राहिली होती. आत्या आली असती तर टेबल सोडावं लागलं असतं, मला ते सोडायचं नव्हतं. ही दोन्ही तिने ओलांडली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पुढचं वाक्य वाचून झालं, त्याच्या पुढचं सुरू झालं.

चाळीस वर्षांच्या नोकरीत मी लोकांना पुष्कळ चुका दाखवल्या. तेव्हा इतका वेळ कधी लागला नाही.

"रुचिता," मी म्हणालो, "दोन ओळी राहिल्या."

ती मागे गेली. ती दोन वाक्यं तिने हळू वाचली. मग शेवटपर्यंत वाचलं.

इंदुबाईने सूप खाली ठेवलं. "चिठ्ठी कुटं हाय?"

रुचिताने वहीतून ती काढून पुढे केली. इंदुबाईने ती घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि माझ्यापुढे धरली.

"तुमी वाचा."

मी वाचली. लेखात होतं तेच होतं. खाली फक्त एक ओळ जास्त होती: रुचीला माझा पापा. ती रुचिताने लेखात घेतली नव्हती.

"पोर झाला का पोरगी, त्ये काय लिवलंय?"

"नाही, हे आधीचं पत्र आहे."

"हां. आदीचं." ती उठली, सूप घेऊन आत गेली. रुचिता तिथेच बसून होती. मी निरोप घेतला तेव्हा आत पुन्हा भांडी वाजायला लागली होती.

लेख २२ जानेवारीला गेला.

त्यानंतर काय झालं ते मला दर रविवारी थोडं थोडं कळत गेलं. पत्रातला शेजारचा नंबर इंदुबाईने जानूमावशीच्या फोनवरून लावून पाहिला. तो बंद होता. लवूला घरात कोणी काही सांगितलं नाही. इंदुबाईने नातीला मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. जेवायला वाढत होती, परीक्षेच्या दिवसांत सकाळी चहा करून देत होती. मात्र रुचितासमोर कागद ठेवणं तिने बंद केलं. लाइट बिल, गोळ्यांची चिठ्ठी, सगळं कमरेच्या बटव्यात घालून ती रविवारी आणायची आणि मी अभ्यासिकेतून उतरलो की जिन्यात माझ्या हातात द्यायची. वाचून झालं की विचारायची, "समदा वाचला? मंदी काय राह्यला न्हाय?"

"नाही राहिलं."

"तुमचा काय भरोसा. तुमीबी शिकलेलंच."

रुचिता एकदा म्हणाली, "काका, आता बिल आलं की ते उशीखाली जातं. मी खोलीत गेले की जानूमावशीची बोलती बंद होते. परवा आजीच्या औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचून मी सांगायला गेले, तर तिने बाटली पदराखाली घेतली." मग तिने विचारलं, "मी लिहायला नको होतं का?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. मला खरंच माहीत नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन मी नीलिमाला फोनवर हे सगळं सांगायला घेतलं, पण नातू रडत होता, तेव्हा राहिलं.

एप्रिलमध्ये मुलाखत झाली. एका बाईंनी तिला विचारलं, आजीने माफ केलं का? ती म्हणाली, मी विचारलेलं नाही. मे महिन्यात निकाल आला. निवड झाली, सगळी माफी मिळाली. रुचिताने छापील प्रत घरी नेऊन आजीसमोर ठेवली. वाचली नाही, नुसती ठेवली. पुढच्या रविवारी तो कागद बिलांच्या घडीत माझ्याकडे आला.

"ही काय आनलीय बगा."

मी सगळं वाचून दाखवलं. फी, खोली, जेवण, वर्षातून दोनदा घरी येण्याचं भाडं.

"खरा हाय?"

"खरं आहे."

"टेबल देतान का तितं?"

कागदावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. "देत असतील," मी म्हणालो.

"असतील नको. लिवलंय का त्ये सांगा."

"लिहिलेलं नाही."

"हां," ती म्हणाली आणि कागद घडी करून बटव्यात ठेवला.

रुचिता २८ जुलैला गेली. लवू तिला सोडायला गेला. जायच्या आदल्या दिवशी ती अभ्यासिकेत आली, खुर्चीखाली राहिलेली तिची पाण्याची बाटली घेतली आणि मला वाकून नमस्कार केला. "आजी काय म्हणाली?" मी विचारलं. "चपला घेऊन जा म्हणाली. तिकडे मिळतात त्या लवकर तुटतात."

३ ऑगस्टला इंदुबाई पहिल्यांदाच जिना चढून अभ्यासिकेत आली. मुलं अभ्यास करत होती. ती दारातच उभी राहिली. मी बाहेर गेलो.

"एक चिठ्ठी लिवाची हाय. मिनलला. त्याच पत्त्यावर."

मी तिला गॅलरीत बसवलं आणि कागद घेतला. ती सांगत होती, मी लिहीत होतो. सात महिने का थांबली, हे मी विचारलं नाही. तिनेच मध्ये सांगितलं की पोर घरात असताना हे लिहायचं नव्हतं.

"लिवा. तुजी चिठ्ठी मना मिलाली. उशिरा मिलाली."

"उशिरा का मिळाली, तेही लिहू?"

"नको. पोस्टानं उशीर केला लिवा."

मी पेन थांबवलं.

"काय बगता? पोरीचं नाव याच्यात येता कामा न्हाय. आत्या हाय ती तिची, उद्या एकमेकींचं तोंड बगाचं हाय त्यांना. पोस्टानं उशीर केला. लिवा."

मी लिहिलं. पोस्टाने उशीर केला. घरी ये. लेकराला घेऊन ये. खोली रिकामी आहे. एवढंच पत्र होतं. मग रिवाजाप्रमाणे ते मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने या वेळी, काही राहिलं का, असं विचारलं नाही. पदराच्या गाठीतून पन्नास रुपयांची नोट काढून दिली आणि जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी पत्र स्पीड पोस्टने पाठवलं. आज चोवीस ऑगस्ट, अजून उत्तर नाही. पत्ता सात वर्षांपूर्वीचा आहे. पोस्टाला एकेचाळीस रुपये लागले. इंदुबाईचे नऊ रुपये माझ्याकडे बाकी आहेत.